'पॉझिटिव्ह राहा' म्हणजे नेमकं काय करायचं? कपातीनंतरचा धागा

फेज_थ्री

गेला आठवडाभर व्हॉट्सअपवर इतके सूर्योदय आलेत की फोनची मेमरी भरली. संकट हीच संधी, अंधारानंतर पहाट वगैरे. पाठवणारे सगळे आपलेच, मामा, शाळेचा ग्रुप, सोसायटीतले काका, त्यांच्यावर राग नाही, पण एकानेही विचारलं नाही की बाबा हप्ता किती आहे तुझा.

तर परिस्थिती अशी. वय ४१, टेस्टिंगमध्ये लीड, ११ वर्षं एकाच कंपनीत. २०२५च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा आम्ही टपरीवर चहा पीत त्यावर चर्चा करत होतो, जणू काही दुसऱ्या गावातल्या पुराची बातमी. (आमची कंपनी ती नाही, नाव लिहीत नाही, कृपया अंदाजही लावू नका.) आता आमच्याकडेही यादी आली आणि त्यात मी. एचआरचं म्हणणं, स्वतःहून राजीनामा द्या, दोन महिन्यांचा पगार देतो आणि रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, शुक्रवारपर्यंत कळवा. वाकडला टूबीएचके, हप्ता ४३ हजार, बायको शाळेत शिकवते पण तिचा पगार हप्त्यापेक्षा कमी, मुलगी सातवीत. बायकोला सांगितलंय.

मला धीर नकोय, म्हणजे हवाय पण त्याने पोट भरत नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष काढलंय त्यांनी सांगा की पहिल्या महिन्यात काय केलं. आणि ती 'संधी' कुणाला खरंच दिसली असेल तर ती कुठे उभी होती तेही सांगा.

खोडसाळ_खारी

पहिलं काम: शाळेचा ग्रुप म्यूट करा. दुसरं: जे लोक आता "पॅशन फॉलो कर" म्हणतील त्यांना विचारा, उसने पन्नास हजार देता का? पॅशन लगेच थंड होते. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

आकडेमोड

फेज_थ्री, शुक्रवार जवळ आहे म्हणून आधी कागदाचं बोलतो, मनाचं नंतर.

राजीनाम्यावर घाईत सही करू नका. कंपनी तुम्हाला काढतेय, तुम्ही जात नाही आहात, आणि कागदावर तुम्ही स्वतःहून गेलात असं आलं की कपातीची भरपाई मागायला तोंड उरत नाही. लीड असल्यामुळे कायद्याने तुम्ही 'कामगार' धरले जाता की नाही यावर वाद होऊ शकतो, त्यासाठी एकदा कामगार कायद्याच्या वकिलाकडे तासभर बसा, फी वसूल होईल. निदान एवढं करा, की जे काही तोंडी सांगितलंय ते ईमेलवर मागा. "आपण परवा बोललो त्याप्रमाणे" असं लिहून तुम्हीच पाठवा. दोन महिने म्हणजे बेसिकचे की पूर्ण पगाराचे, हे आत्ताच विचारा, नंतर त्यावरच भांडणं होतात.

ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे, ती कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही. शेवटचा बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. समजा बेसिक ६० हजार असेल तर ११ वर्षांचे साधारण ३ लाख ८० हजार होतात. शिल्लक रजेचे पैसे वेगळे, आणि त्यावरची करमाफीची मर्यादा २०२३पासून खाजगी नोकरदारांसाठी २५ लाख झालीय, त्यामुळे तुम्हाला बहुतेक टॅक्स लागणारच नाही.

मेडिक्लेम! हे कुणीच सांगत नाही. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि कंपनीच्या पॉलिसीत काढलेली वर्षं वेटिंग पीरियडमध्ये (आधीच्या आजारांना संरक्षण मिळायच्या आधी थांबायची मुदत) धरली जातात, पण अर्ज मुदत संपायच्या आत करायला लागतो. घरात कुणाला बीपी शुगर असेल तर हे काम रिझ्युमेच्या आधी करा.

आणि बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा, चुकल्यावर नाही. आधी गेलेल्याशी मॅनेजर बसून बोलतो, मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का बघतो. चुकल्यावर वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात आणि सिबिलवर डाग पडतो तो वेगळाच.

फेज_थ्री

मेडिक्लेमचं डोक्यातच नव्हतं. आई आमच्याकडे असते, तिची अँजिओप्लास्टी झालीय. धन्यवाद, आजच फोन लावतो.

लालबागची_लेक

संधी कुठे उभी होती विचारलंत म्हणून लिहिते, जरा लांबेल.

आमचे वडील मुंबईत कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, युनियनचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. सगळ्यांना वाटलेलं महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही हे आज तरुण मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मी तेव्हा शाळेत. आमची आई खानावळ चालवायची, म्हणजे बोर्ड वगैरे काही नाही, दहा बाय बाराची खोली, तिच्यात आम्ही पाच जणं आणि शिवाय गावाकडची एकटी राहणारी माणसं दोन वेळ जेवायला. सातारा, कोकण, सगळीकडची. महिन्याला पैसे.

आता लोक म्हणतात की गिरण्या बंद पडल्या पण बायकांच्या खानावळींनी घरं तारली. अर्धंच खरं आहे. जेवायला येणारे कोण होते? गिरणीवालेच ना. त्यांचा पगार बंद म्हणजे आईचेही पैसे बंद. सुरुवातीला तिने उधारीवर जेवू घातलं, मग निम्मे गावाला निघून गेले आणि उधारी तिकडेच गेली. वडलांचं आणि तिचं उत्पन्न एकाच भोंग्यावर चालत होतं हे तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग तिने काय केलं तर गिऱ्हाईक बदललं. जेवण तेच, हात तेच. चाळीतली एक बाई अन्नपूर्णा महिला मंडळात होती. प्रेमाताई पुरवांनी १९७५ला खानावळवाल्या बायकांना एकत्र करून ते काढलेलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तिच्या ओळखीने फोर्टमधल्या एका ऑफिसच्या कँटीनला चपात्या द्यायचं काम लागलं. पहाटे साडेतीनला स्टोव्ह पेटायचा. वडील, ज्यांनी जन्मात परात धरली नव्हती, ते कणीक मळायला बसायला लागले, आधी दार लावून, मग दार उघडं ठेवून. ते दार उघडायलाच वर्ष गेलं असेल.

आई पॉझिटिव्ह वगैरे अजिबात नव्हती हो. ती रोज शिव्या घालायची, मालकांना, सरकारला, युनियनला, आम्हाला. पण कुणाकडे पगाराची तारीख अजून शिल्लक आहे, हे तिने नेमकं शोधलं.

विदा_द्या

लालबागच्या ताई, लिहिलंय ते सुंदरच, पण मला यातला धोका दिसतो म्हणून विरोधी सूर लावतो. तुमची आई तरली म्हणून तुम्ही इथे लिहिताय. जे गावाला गेले आणि परत आले नाहीत, ज्यांची पोरं गँगमध्ये गेली, जे दारूत गेले, त्यांच्या लेकी धागे काढत नाहीत. अडीच लाख माणसांपैकी किती जणांना चपात्यांचं कंत्राट मिळालं असेल? गिरण्यांच्या जागांवर मॉल आणि कॉर्पोरेट पार्क झाले, ती मोठी संधी होती खरी, फक्त ती कुणाची होती ते बघा. आणि गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली लॉटरी निघाली २०१२ला. तीस वर्षांनी! तोवर कितीतरी अर्जदार वारसच.

त्यामुळे "संधी शोधा" हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय यावर त्याचा अर्थ ठरतो. काढणाऱ्याने काढलेल्याला म्हटलं तर तो निव्वळ निर्लज्जपणा आहे. आमच्याकडे एचआरने कपातीच्या मेलबरोबर 'चेंज मॅनेजमेंट'च्या वेबिनारची लिंक जोडली होती.

लालबागची_लेक

विदा, तुमचं काहीच खोटं नाही. माझा सख्खा काका त्या दुसऱ्या यादीत आहे. साच्यावरचा उत्तम कारागीर, नंतर वॉचमन म्हणून खुर्चीवर बसला आणि कुणाशी बोलेनासा झाला. फरक काय होता याचा मी बराच विचार केलाय. हुशारीचा नव्हता, काका वडलांपेक्षा हुशार. काकाच्या घरात दुसरा पैसा यायचा रस्ताच नव्हता, त्यामुळे त्याला थांबून बघायला वेळच मिळाला नाही, जे पहिलं हाताला लागलं ते धरलं. आमच्याकडे आईचे चार पैसे कसेबसे का होईना येत होते म्हणून वडील वर्षभर कणीक मळू शकले.

शिरोली_एमआयडीसी

+१ ताईंच्या शेवटच्या वाक्याला.

आमचं कोल्हापूरला छोटं मशीन शॉप हाय, फौंड्रीवाल्यांकडनं कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. २०१९ला गाड्यांचा बाजार पडला तेव्हा शिरोली, गोकुळ शिरगाव सगळीकडं हीच बोंब, आठवड्यातले दोन-तीन दिवस बंद, तिसरी पाळी बंद, मग दुसरी बंद. आमचा जवळजवळ सगळा धंदा एकाच गाडीच्या कंपनीच्या पार्टवर. त्यातनं डोकं वर काढतोय तोवर २०२०.

तेव्हा आमच्याकडं पोरगं होतं एक, ऑपरेटर, डिप्लोमा बी नाही. तो म्हणाला मालक पंपाच्या बॉडीचं काम घ्या की, पाऊसपाणी हाय तोवर शेतकरी पंप घेणारच. मी म्हटलं रेट कमी हाय. तो म्हणाला रिकाम्या मशिनीचा रेट किती हाय? गप बसलो. पंप आणि व्हॉल्व्हची कामं घेतली, फिक्स्चर (पार्ट मशिनीवर धरायचे साचे) नवीन करायला लागली, त्यात पैसा गेला, पहिले सहा महिने नुसती सेटिंग. आता गाडीवाल्यांचं काम निम्म्यावर आणलंय आणि मुद्दाम तिथंच ठेवलंय, परत तेजी आली तरी.

आणि एक, कमी पगारवाल्यांसाठी. ज्यांचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं त्यांना नोकरी गेल्यावर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतनं पैसे मिळतात, ९० दिवसांपर्यंत. कोविडच्या वेळी ते सरासरी पगाराच्या २५ टक्क्यांवरनं ५० टक्के केलेले. आमच्या दोघांनी घेतले, बाकीच्यांना माहीतच नव्हतं. नियम बदलत असतात, ईएसआयच्या हापिसात जाऊन विचारा.

खोडसाळ_खारी

"रिकाम्या मशिनीचा रेट किती हाय?" हे माझ्या रिझ्युमेच्या वर लिहिणार आहे.

फक्त_शनिवारी_मोदक

कुणीतरी आता "वहिनींना डबे सुरू करायला सांगा" म्हणणार, त्याआधी येते.

२०२०मध्ये आमच्या सोसायटीत तेरा जणींनी डबे सुरू केले, आज दोघी उरल्यात. घरचं जेवण चांगलं असणं आणि विकून पैसे उरणं ह्या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. गॅस, तेल, पॅकिंगचे डबे, डिलिव्हरी ॲपचं कमिशन, वाया जाणारी भाजी आणि स्वतःची मजुरी (ही कुणी धरतच नाही!!) हे सगळं वहीत मांडलं तर पहिल्या महिन्यात मला ताटामागे सात रुपये सुटत होते. म्हणून रोजचा डबा बंद केला आणि फक्त ऑर्डरचे उकडीचे मोदक आणि सणाचा फराळ ठेवला. त्याला लोक भाव करत नाहीत कारण स्वतःला जमत नाही.

ज्यांना खरंच करायचंय त्यांनी एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा) नोंदणी आधी करा, उलाढाल छोटी असेल तर साधी नोंदणी पुरते, मी घेतली तेव्हा वर्षाला १०० रुपये होते. मशीन घेऊन मोठं करायचं असेल, पापड मसाले शेवया असं काही, तर पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या सरकारी योजनेत (अजून चालू आहे का ते आधी विचारा) खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख, पण ते कर्जाला जोडलेलं आहे, हातात रोख मिळत नाही. आणि उद्यम (छोट्या धंद्यांची सरकारी) नोंदणी फुकट असते, दोन-तीन हजार मागणाऱ्या एजंटला पळवून लावा.

आणि हो, नोकरी गेल्याच्या पहिल्या महिन्यात ग्रॅच्युइटीचे पैसे घालून हॉटेल काढू नका. कुठलंही हॉटेल. मित्राचं तर अजिबातच नाही.

जर्सीकर

इकडचं, अमेरिकेतलं, थोडक्यात. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की ६० दिवस मिळतात, त्यात नवीन एम्प्लॉयरने पिटीशन टाकायची नाहीतर स्टेटस बदलायचं नाहीतर बॅगा भरायच्या. ही ६० दिवसांची सवलत तरी २०१७पासूनची, २००८ला लेहमन ब्रदर्स बँक बुडाली तेव्हा माझ्या हातात तीही नव्हती. तेव्हा एक सवय लागली ती अजून आहे, दर वर्षी दिवाळीत बसून काढायचं की उद्यापासून पगार बंद झाला तर किती महिने. आकडा वाईट आला तर गाडी बदलायची नाही. बायको ह्याला आमचं लक्ष्मीपूजन म्हणते.

विदा_द्या

जर्सीकर, हे आवडलं. पण ज्याचा पगार महिन्याला २५ हजार आहे त्याने असा आकडा काढला तर त्याची दिवाळीच जाईल. असो.

अबोली_७७

मी सहसा फक्त वाचते. पैशांचं सगळे लिहितायत म्हणून दुसरं लिहिते. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं, तो रोज डबा घेऊन निघायचा आणि एका लायब्ररीत जाऊन बसायचा. मला राग नोकरी गेल्याचा नाही आला, मी त्या दिवसांत नवीन सोफ्याचं बुकिंग केलं होतं आणि तो हो म्हणाला होता, त्याचा आला. कळल्यावर आम्ही मुलांना घेऊन बसलो, धाकटा आठ वर्षांचा, तो म्हणाला मग आता बाबा शाळेत सोडायला येणार का? तेवढंच त्याला पडलेलं.

त्याची झोप गेली होती, भूक गेली होती. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. तिथून सुरुवात झाली मग डॉक्टरकडे गेलो. फेज_थ्री, तुम्ही घरी सांगितलंय ते वाचून बरं वाटलं. आईंना पण सांगा, त्यांना कळलेलं असतंच.

फेज_थ्री

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत बसत नाही.

अपडेट. वकिलाला भेटलो, राजीनाम्यावर सही केलेली नाही, ईमेल टाकला तर दोन दिवसांनी दोनाचे तीन महिने झाले, पूर्ण पगाराचे आणि लेखी. एवढ्याने? मला वाटलेलं ऑफर कागदावर छापलेली असते. मेडिक्लेमचा फॉर्म गेला. बँकेत उद्या जातोय. आईला सांगितलं, ती म्हणाली मला सोमवारीच कळलं, तू दोनदा चहा घेतलास.

नोकरी शोधतोय पण खरं सांगतो, मॅन्युअल टेस्टिंगला विचारत नाहीत कुणी, ऑटोमेशन शिकतोय, पोरं माझ्या निम्म्या वयाची आहेत आणि निम्म्या पगारात तयार आहेत. ताईंचं ते गिऱ्हाईक बदलण्याचं डोक्यात घोळतंय. मला येतं काय तर कुठलीही सिस्टीम कुठे फुटेल ते आधी शोधणं आणि ते नीट लिहून ठेवणं. हे आयटी सोडून कुणाला लागतं?

शिरोली_एमआयडीसी

आम्हाला लागतं की!

दोन वर्षांमागं सॉफ्टवेअर घेतलं, स्टॉक, हीट नंबर (कास्टिंग भट्टीच्या कुठल्या खेपेचं ते), इन्स्पेक्शन रिपोर्ट सगळं त्यात असायला पाहिजे. व्हॉल्व्हवाल्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर येतो आणि म्हणतो ह्या पार्टचं कास्टिंग कुठल्या हीटचं ते दाखवा, तर सॉफ्टवेअर एक सांगतं, रजिस्टर दुसरं आणि सुपरवायझर तिसरं. ज्यानं विकलं तो म्हणतो तुमची माणसं चुकीचं भरतात. माणसं म्हणतात ते सेव्हच होत नाही. कोण खरं ते मला कळत नाही. तुम्ही येऊन आठ-दहा दिवस बसून बघून सांगाल काय, कुठं फुटतंय? राहायची सोय करतो. आयटीएवढे पैसे नाहीत हां, आधीच सांगतो.

फेज_थ्री

मला फौंड्रीतलं ओ की ठो कळत नाही.

शिरोली_एमआयडीसी

आम्हाला कळतंय की, तरी फुटतंयच. आमच्या लाइनीत असली आणखी पाच-सहा शॉप हायत, सगळ्यांची तीच रड.

विदा_द्या

थांबा थांबा. भावनेच्या भरात "बघू, द्याल ते द्या" असलं काही लिहू नका, मराठी माणूस तिथेच मरतो. फेज_थ्री, दर दिवसाचा ठरवा, महिन्याचा नको, नाहीतर आठ दिवसांचं काम तीन महिने चालेल. काय काय तपासणार आणि शेवटी काय हातात देणार ते एका पानावर लिहा. सॉफ्टवेअर दुरुस्त करणं तुमच्याकडे नाही हे पण त्यातच लिहा. निम्मे पैसे आधी.

आकडेमोड

आणि शुक्रवारचा कागद पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे रिलीव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय, बाहेरचं बिल फाडू नका, करारात दुसरं काम न करण्याची अट असते. जीएसटी नोंदणी सेवांना वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही, त्याची चिंता नको. टीडीएस कापला तर रिटर्नमध्ये वळता होईल.

शिरोली_एमआयडीसी

निम्मे आधी मान्य. दर व्यनि (खाजगी निरोप) करा. फक्त सोमवारी येऊ नका, आमची सुट्टी असते, लाईट नसते.

खोडसाळ_खारी

धागा मोदकांवरून फौंड्रीवर गेला. मोदकताई, पुण्यात पोचवता का? किती आधी सांगायला लागतं?

फक्त_शनिवारी_मोदक

गुरुवारपर्यंत. कमीत कमी अकरा. उधारी नाही.